मज्जारज्जूच्या विद्युत उत्तेजनाने भाऊ चालेल का?

आपण लिहिले आहे की आपल्या धाकट्या भावाला आठ महिन्यांपूर्वी डी-१० पातळीवर, म्हणजे छातीमागच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूची इजा झाली, पाय हलत नाहीत, आणि ‘पाठीत चिप बसवली की तो चालेल’ असे सांगून एका केंद्राने मोठी रक्कम मागितल्यामुळे घरात शेती विकण्याचा विचार चालू आहे. मी स्वतः डी-१२ च्या इजेनंतर बरीच वर्षे व्हीलचेअर वापरतो आणि हा विषय सातत्याने वाचत आलो आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: एवढ्या आश्वासनावर शेती विकू नका.

पाठीत बसवतात ती इलेक्ट्रोडची पट्टी. ती मज्जारज्जूच्या आवरणावर, कंबरेच्या भागात ठेवतात आणि त्वचेखाली बसवलेले पेसमेकरसारखे यंत्र तिला विजेचे स्पंद पुरवते. ही वीज तुटलेले तंतू जोडत नाही. पायांकडून मज्जारज्जूत संवेदना आणणारे जाड तंतू ती चेतवते. त्यामुळे इजेच्या खालचे, शाबूत असूनही निपचित पडलेले चेतापेशींचे जाळे तयारीत राहते आणि तळव्यावरचा भार, मांडीची स्थिती, तसेच इजेतून कसाबसा झिरपत येणारा मेंदूचा क्षीण संदेश यांना प्रतिसाद देऊ लागते. तो प्रतिसाद उपयोगी हालचालीत उतरवण्याचे काम सरावाचे आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच भाग गाळलेला असतो.

अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठात सुझन हार्केमा यांच्या गटाने २००९ मध्ये एका तरुणाला अशी पट्टी बसवली. त्याआधी २६ महिन्यांत त्याच्याकडून १७० सत्रांचा सराव करून घेतला होता. उत्तेजन सुरू केल्यावर तो केवळ तोलापुरता आधार घेऊन, पायांवर पूर्ण भार देऊन उभा राहिला. काही महिन्यांनी त्याला पायाचा अंगठा ठरवून हलवता येऊ लागला, पण यंत्र चालू असेपर्यंतच. ते बंद केले की तितकाच जोर लावूनही अंगठा हलत नसे. याच केंद्राने २०१८ मध्ये चार जणांची हकीकत प्रसिद्ध केली. चौघेही उभे राहू लागले आणि बसताना धडाचा तोल सावरू लागले, जमिनीवर मात्र दोघेच चालले: एक ८५ आठवड्यांत २७८ सत्रांनंतर, दुसरा १५ आठवड्यांत ८१ सत्रांनंतर. त्या दोघांना इजेखाली संवेदना शिल्लक होती.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रेगॉयर कूर्तीन आणि जोसेलिन ब्लॉक यांनी पावलाच्या तालाप्रमाणे स्पंद देण्याची पद्धत विकसित केली. पायांची हालचाल पूर्ण गेलेल्या तीन पुरुषांनी त्यांच्याकडे उत्तेजन सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी पावले टाकली, ही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली बातमी खरी आहे. मात्र त्या वेळी शरीराचे वजन वरून पेललेले होते आणि पुढे महिनोन्‌महिने सराव करावा लागला. त्वचेवरून उत्तेजन देणाऱ्या ज्या उपकरणाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ते मानेच्या अपूर्ण इजेत, म्हणजे काही संदेश अजून खाली पोहोचत असताना, हातांची ताकद सुधारण्यासाठी आहे. त्याचे नाव घेऊन कोणी पाय चालवण्याचे वचन देत असेल तर ते मान्य करू नका.

भावाच्या कागदपत्रांत एआयएस श्रेणी, म्हणजे इजा किती पूर्ण आहे हे सांगणारी श्रेणी, शोधा. ती गुदद्वाराजवळच्या संवेदनेसह केलेल्या तपासणीवरून ए (पूर्ण इजा) ते ई (सर्व सामान्य) अशी ठरते. ती नसेल तर मुंबईत हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेसारख्या ठिकाणी तपासणी करून घ्या. आठ महिन्यांनंतरही मज्जारज्जू आपल्या परीने काही हालचाल वा संवेदना परत देऊ शकतो, म्हणूनही घाई नको. केंद्राला लेखी विचारा: हा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा; आणि संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यायचा नसतो. यंत्राचे प्रोग्रॅमिंग आणि सराव कोण, किती महिने करून घेणार? जंतुसंसर्ग झाला किंवा पट्टी सरकली तर खर्च कोणाचा?

तोवर त्याचे शरीर या सरावाला लायक ठेवणे आपल्या हातात आहे, आणि मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते. लुईव्हिलच्या त्या चौघांपैकी एकाचे खुब्याचे हाड सरावातच मोडले, कारण भार न पडलेली हाडे ठिसूळ होतात. डॉक्टरांना विचारून हाडांची घनता मोजून घ्या आणि त्यांच्या संमतीनेच टिल्ट टेबलवर (पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभे करणाऱ्या पलंगावर) किंवा कॅलिपर लावून उभे करणे सुरू करा. घोटे आणि गुडघे आखडू देऊ नका, आणि माकडहाडावरची त्वचा रोज सकाळ-संध्याकाळ आरशाने पाहा. दाब काढल्यावरही लाली टिकून राहिली तर त्या जागेवर त्याला बसवू नका.