झुळझुळीत कापडाचा साधा टॉप: तुमचे प्रश्न

ड्रेस शिवून उरलेलं रेयॉन आणि दुपट्ट्याचं जॉर्जेट यांचा घरात घालायचा टॉप कसा शिवायचा, याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यातल्या निम्म्यांत तक्रार एकच: ‘कापड सरकतं.’ सरकणारच! ते अंगावर छान पडतं तेही त्याच गुणामुळे.

ताई, माझ्याकडे 70 सेंटिमीटर रेयॉन उरलंय, पन्हा 44 इंच. छाती 34. टॉप होईल का? (नाशिक)

होईल, पण आधी भिजवा आणि मग मोजा. रेयॉन पहिल्या पाण्यात आखडतं, मीटरमागे दोन इंचही जातात. तासभर साध्या पाण्यात ठेवा, पिळू नका, सावलीत वाळवा. 70 सेंटिमीटर म्हणजे साडेसत्तावीस इंच, त्याचे हाती सव्वीसच उरले असं धरून चाला. खांद्याच्या शिलाईला अर्धा इंच आणि खालच्या दुमडीला एक इंच गेला की साडेचोवीस उंची मिळते. जीन्सवर घालायला पुरे.

पन्ह्याच्या मधोमध उभं कापलंत की 22-22 इंचांचे दोन तुकडे होतात, एक पुढचा, एक मागचा. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया (शिलाईत जाणारं जादा कापड) सोडल्यावर तयार घेर 42, म्हणजे तुम्हाला आठ इंच सैल. हेच पॉपलीनमध्ये शिवलं तर पोतं दिसेल, रेयॉनमध्ये मात्र शोभतं. खांद्याच्या टोकाला एक इंच उतार द्या. मुंढा, म्हणजे बाहीसाठीचा गोल काप, कापूच नका. बाजूची शिलाई खांद्यापासून साडेआठ इंच खाली सुरू करा, वर उघडा राहतो तीच बाही. छाती 38 किंवा त्याहून जास्त असेल त्यांनी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांची पट्टी जोडावी, दुसऱ्या रंगाची चालेल.

जॉर्जेट दोनदा कापलं, दोन्ही वेळा पुढचा भाग तिरका आला. शिवताना सावरून घेतलं, पण धुतल्यावर टॉप एका बाजूला वळतो. (सांगली)

तुम्ही सावरून घेतलंत आणि तिथेच फसलात. असं कापड शिवताना नव्हे, कापतानाच बिघडतं. जॉर्जेटच्या धाग्याला भरपूर पीळ असतो, त्यामुळे ते हात लावाल तसं वाकतं. तुम्ही ओढून सरळ केलेलं कापड पाण्यात गेलं की पुन्हा आपल्या मूळ जागी येतं, आणि शिलाई त्याच्यामागे फिरते.

म्हणून टोकाजवळचा एक आडवा धागा सुईने उचला आणि हळूहळू ओढत न्या. जी रेघ उमटेल त्या रेघेवर कापा. आता तुमच्याकडे एक खरी सरळ कड आहे, बाकी सगळी मापं तिच्यावरून घ्यायची.

कापायला जमिनीवर बसा. टेबलाच्या कडेवरून कापड लोंबलं की त्याच्याच वजनाने ताणलं जातं. खाली चादर, तिच्यावर ब्राउन पेपर, त्यावर कापड, आणि कडांवर स्वयंपाकघरातले दोन-चार भरलेले डबे. (वर्तमानपत्र नको, फिक्या कापडाला शाई लागते. माझा एक मोतिया रंगाचा टॉप कायमचा करडा झालाय.) कागद आणि कापड एकत्र टाचा आणि दोन्ही एकदमच कापा. घडी घालून अर्धं माप कापायची सवय इथे सोडा. पूर्ण पुढा आखून एकेरीच कापायचा. कात्रीचं खालचं पातं जमिनीवरून उचलू नका.

तरीही हाताला दाद देत नसेल तर खळ द्या. चमचाभर साबुदाणा दोन वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, गार पाण्याने पातळ करा. त्यात कापड बुडवून चादरीवर सपाट वाळवा आणि हलकी इस्त्री फिरवा. कापड कागदासारखं वागतं, आणि टॉप झाल्यावर एका धुण्यात खळ निघून जाते. खऱ्या रेशमावर मात्र हा प्रयोग नको.

शिलाई सुरू करताना माझं काळं मशीन कापड गिळतं. (परभणी)

सुई बघा. बहुतेक घरांत 16 नंबरची लावलेली असते, ती चादरींना ठीक आहे. इथे नवी 11 नंबरची हवी. अगदी कडेपासून सुरू करू नका, आधी एका चिंधीवर चार टाके घालून तिथूनच टॉपवर या. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. टाका बारीक घ्या, इंचाला साधारण बारा. एवढं करून गिळलंच तर खाली पातळ कागदाची पट्टी घाला आणि शिवून झाल्यावर फाडून टाका.

धागे सुटतात त्यावर इंटरलॉक करून आणायची गरज नाही. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर शिवा, माया निम्मी छाटा, उलटवून पुन्हा पाव इंचावर शिवा. कडा आतच बंद होतात आणि अर्ध्या इंचाची माया नेमकी संपते.

गळा शिवून झाला की लाटांसारखा फुगतो. (डोंबिवली)

कापल्या कापल्या, कापड उचलायच्याही आधी, गळ्याच्या कडेपासून पाव इंच आत बारीक धावदोरा घाला. पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेघेत, कापलेली हवी, सव्वा इंच रुंद, आणि लावताना पट्टीला किंचित ताण, गळ्याला अजिबात नाही. या टॉपला गळा आठ इंच रुंद, पुढे पाच आणि मागे दीड इंच खोल पुरतो. तेवढा डोक्यातून सहज जातो, बटणाची भानगड नाही.

तुकडा रेयॉनचा की पॉलिएस्टरचा, कसं ओळखू? (ठाणे)

चार धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे रेयॉन, ते लाकडाच्या लगद्यापासूनच बनतं. (तुमच्याकडून कल्याणपुढे गेलात की शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहेच.) वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. त्याला इस्त्री कमी तापवा आणि मध्ये सुती कापड ठेवा.

सासूबाईंच्या जुन्या क्रेप साडीचा टॉप करू का? (कोल्हापूर)

साडी उजेडापुढे धरा. घड्यांवर कापड विरलेलं दिसलं तर तो भाग सोडून मधला घ्या. विरलेलं नसेल तर आधी सासूबाईंना विचारा.