रिकामे हात

"माझा सहकारी देव मानत नाही, तरी माझ्यापेक्षा चांगला आहे. मग दर रविवारी मिस्साला जाऊन मी मिळवलं काय?"

समुपदेशनाला येणाऱ्या कॅथलिक स्त्री-पुरुषांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की इथे सांगते त्या बाई म्हणजे त्या सगळ्यांची मिळून एकच समजा. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन वर्षांची सेवा आणि रोजची चिडचिड.

पहिल्या काही भेटी नुसत्या ऐकण्यात गेल्या. मग एकदा कन्फेशनचा, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करून देवाची क्षमा घेण्याचा, विषय काढला. "कन्फेशनला काय सांगता?"

"किती वेळा चिडले ते. मोजून."

"आणि क्षमा मिळाल्यावर?"

"पुन्हा एकपासून मोजायला लागते."

एवढं बोलून त्या थबकल्या. मीही गप्प राहिले. अशा वेळी घाईने अर्थ सांगू नये, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकले आहे. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, "म्हणजे मी देवाला भेटायला जातच नाही. हिशेब द्यायला जाते."

मला वाटतं, गाठ इथेच असते. सहकाऱ्याचा चांगुलपणा अस्सल आहे, चर्चही तो नाकारत नाही. न्याय, संयम, धैर्य हे गुण कुणीही माणूस कमावू शकतो. पवित्रता मात्र कमाई नव्हे. बायबलमधल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'वेगळं राखलेलं', म्हणजे देवाचं झालेलं. बाप्तिस्म्यात, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीत, ही कृपा आधी मिळते, आणि वागणं तिच्यामागून, अडखळत येतं. यावं लागतंच, तिथे सूट नाही. पण सुरुवात आपल्या गुणांपासून होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 मध्ये स्पष्ट सांगितलं, की पवित्रतेचं बोलावणं फक्त फादर-सिस्टरांना नाही, सर्वांना आहे. चिडक्या सुनेलाही, असं मी त्यात माझ्यातर्फे जोडते.

त्यांना मी फ्रान्समधल्या लिस्यूच्या संत तेरेसा या सिस्टरबद्दल सांगितलं. 1897 साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी ती गेली. देवापुढे रिकाम्या हातांनी उभं राहायचं तिने ठरवलं होतं. प्रार्थनेत तिला झोप लागायची, पण त्याचा तिने बाऊ केला नाही, कारण झोपलेलं मूलही आईबापांना तितकंच लाडकं असतं. बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

गेल्या भेटीत म्हणाल्या, "परवा पुन्हा ओरडले. मग तिथेच उशाशी बसून प्रार्थना करू लागले, तर डोळाच लागला. सासूबाई जाग्या होत्या. पाणी हवं होतं त्यांना, पण हाक मारली नाही. झोपू दिलं मला."