ग्रेडियंट म्हणजे चढ की उतार?

परभणीकडच्या एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे. बी.एस्सी.च्या वर्गाला बहुचल कलन (एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस) शिकवताना ते ग्रेडियंटला 'उतार' म्हणतात, मराठी माध्यमातून आलेली मुलं 'चढ' म्हणतात आणि हाताशी असलेल्या हिंदी पुस्तकात 'प्रवणता' छापलंय. यातलं बरोबर कोणतं?

सर, मुलांचं बरोबर आहे. निदान दिशा तरी त्यांची बरोबर आहे.

ती 'चढ' म्हणतात, कारण राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात 'रेषेचा चढ' असाच शब्द आहे. रेषा डावीकडून उजवीकडे वर गेली की चढ धन, खाली आली की ऋण. म्हणजे उतरणाऱ्या रेषेलाही गणितात चढच असतो, फक्त ऋण. बोलीत हे कानाला खटकतं, पण वजाचं चिन्ह कुठे लावायचं हे त्यामुळे एकदाचं ठरून जातं.

आता एकाऐवजी दोन चल घ्या. एखादं शेत पूर्वेकडे मीटरमागे ३ सेंटिमीटर चढतं आणि उत्तरेकडे मीटरमागे ४. या दोन संख्या म्हणजे उंचीचे दोन आंशिक विकलज. 'शेताला चढ किती?' या प्रश्नाला आता उत्तर नाही, 'कुठल्या दिशेनं?' हे आधी विचारावं लागतं. पूर्वेला ३ पावलं आणि उत्तरेला ४ पावलं अशा तिरप्या दिशेनं सरळ चालत गेलात तर मीटरमागे ५ सेंटिमीटर वर जाल. याहून जास्त चढ कुठल्याच दिशेला सापडणार नाही. ती दिशा आणि तो ५ चा आकडा मिळून जो सदिश होतो, तो ग्रेडियंट. उलट पूर्वेला ४ नि दक्षिणेला ३ असं निघालात, तर १२ वर आणि १२ खाली, म्हणजे पातळी जागच्या जागी. ही समोच्च रेषेची दिशा, ग्रेडियंटशी बरोबर काटकोनात. 'उताराला आडवी पेरणी करा' असं कृषी सहायक सांगतो तेव्हा तो हाच काटकोन सांगत असतो. वर्गात शेतकऱ्यांची पोरं असतील तर हे प्रमेय त्यांना अर्धं येतंच.

पण कृषी सहायकाच्या तोंडी शब्द 'उतार' आहे, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. जमिनीबद्दल बोलताना आपण बहुधा पाण्याच्या बाजूनं बोलतो. गवंडी गच्चीला 'ढाळ' देतो तो पाणी निघून जावं म्हणून. गच्चीला चढ दिला असं कुणी म्हणत नाही. 'प्रवण'ही त्याच घरातला. संस्कृतात प्रवण म्हणजे खाली कललेलं. यज्ञाच्या जागेला 'प्राक्प्रवण' म्हणायचे, म्हणजे पूर्वेकडे उतरती. पुढे त्याला 'कल असलेला, ओढ असलेला' असा अर्थ आला, आणि तोच आपल्याकडे 'अवर्षणप्रवण तालुका' या सरकारी शब्दात रोजच्या वापरात आहे. (मराठवाड्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.) म्हणून 'प्रवणता' भारदस्त वाटली तरी मूळ अर्थानं तिचं तोंड खालीच आहे. ढोबळमानानं बघा: गोदावरी पैठणहून नांदेडकडे जाते, तो झाला प्रदेशाचा उतार. उंचीचा ग्रेडियंट मात्र नांदेडहून पैठणच्या अंगाला बघतो.

मग तुमच्या तोंडी 'उतार' आला कुठून? माझा संशय भौतिकशास्त्राच्या वर्गावर आहे. उष्णता जास्त तापमानाकडून कमीकडे जाते, आणि फूरियेच्या नियमात त्यासाठी ग्रेडियंटच्या आधी वजा लिहावा लागतो. विद्युतक्षेत्र आणि विभव (पोटेन्शियल) यांच्यातही तोच वजा. तिथे प्रवाहाची दिशा महत्त्वाची, म्हणून शिक्षक 'उतार' म्हणतो आणि तो वजा शब्दातच गिळला जातो. गणिताच्या तासाला तो गिळला गेला की परीक्षेत चिन्ह चुकतं. हल्ली मशीन लर्निंगमुळे मुलांच्या कानावर 'ग्रेडियंट डिसेंट' पडतं. ही रीत फ्रेंच गणिती कोशीनं १८४७ मध्येच मांडली होती. फलनाची किंमत कमी करायची तर ग्रेडियंटच्या उलट पाऊल टाका, एवढंच तिचं सार. ग्रेडियंटलाच 'उतार' म्हटलं तर 'उताराच्या उलट जा म्हणजे खाली पोचाल' असं सांगायची पाळी येते!

तरी नुसतं 'चढ' म्हणून भागेल असं मला वाटत नाही. दहावीचा चढ ही संख्या आहे आणि ग्रेडियंट हा सदिश. मुलं चढ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच आकडा असतो, आणि मग 'ग्रेडियंट काढा' याचं उत्तर ती ५ असं लिहून मोकळी होतात. म्हणून मी असं करीन: संज्ञा 'ग्रेडियंट' हीच ठेवायची, कारण विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत तीच येणार. अर्थ सांगताना 'सर्वांत जास्त चढाची दिशा आणि त्या दिशेचा चढ' असं पूर्ण वाक्य बोलायचं. लांब आहे, पण दिशा आणि आकडा दोन्ही त्यात येतात. 'चढ' हा शब्द एखाद्या ठरावीक दिशेनं मिळणाऱ्या संख्येसाठी राखायचा: पूर्वेचा चढ, ईशान्येचा चढ. आणि 'उतार' फक्त ऋण ग्रेडियंटसाठी, म्हणजे पाणी, उष्णता, विद्युतक्षेत्र यांच्या गप्पांत. 'प्रवणता' वर्गात आणूच नका. पुस्तकात भेटली तर ती ग्रेडियंटसाठीच वापरलेली आहे एवढं सांगून पुढे जा.

ग्रेडियंटच्या चिन्हातल्या उलट्या त्रिकोणाचं (∇) 'नॅब्ला' हे नाव एका जुन्या तंतुवाद्यावरून, त्याच्या आकारावरून पडलं. त्याचा चढाशीही संबंध नाही आणि उताराशीही नाही, त्यामुळे ते बिनधास्त वापरा.