मोबाईलवर सावल्यांचे आणि सिल्हूटचे (उजेडासमोरच्या काळ्या आकृतीचे) फोटो चांगले कसे काढावेत?

नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी काढलेल्या फोटोत आकाश पांढरं पडतं आणि माणसं धूसर येतात, असं तुम्ही लिहिलंय. मोबाईल अंधारातला चेहरा उजळायला बघतो, म्हणून हे होतं. एचडीआर (गडद भाग उजळून उजेड-अंधार सारखा करणारी कॅमेऱ्याची सोय) बंद करा, सूर्याशेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरा आणि माणूस पूर्ण काळा होईपर्यंत ब्राइटनेस खाली ओढा. एवढंच.

खरी मेहनत पुढे आहे. सिल्हूटमध्ये चेहरा, कपडे, रंग सगळं जातं. उरते फक्त बाह्यरेषा. म्हणून माणूस बाजूने उभा करा. चहाचा कप छातीसमोर धरला तर तो अंगात मिसळून नाहीसा होतो. हात वीतभर पुढे आला की कपाचा कानसुद्धा दिसतो. दोघं असतील तर मध्ये आकाशाची फट हवीच. आणि तुम्ही खाली बसा, म्हणजे डोकं मागच्या झाडांत न अडकता मोकळ्या आकाशावर येतं. सरावाला नागपूरच्याच झिरो माईल स्तंभाजवळचे घोड्यांचे पुतळे फार छान: बाजूने पाहिलं की मान, पाय सुटे दिसतात.

सावलीचं गणित वेगळं. सूर्य ४५ अंशांवर असला की सावली उंचीइतकीच पडते, खाली गेला की लांबते. मेअखेरीस आपल्याकडे भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा बाहेर पडूच नका. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. फ्रेमचा मोठा भाग सावलीला द्या. माणसाचे नुसते पाय दिसले तरी चालतं.