न्यूझीलंडचे लोक ‘किवी’ कधी झाले?

प्रश्न असा : क्रिकेटच्या बातम्यांत न्यूझीलंडच्या खेळाडूंना ‘किवी’ म्हणतात, ते फळावरून का? आणि अनेकवचन ‘किवी’ की ‘किवीज’?

फळाचा काही संबंध नाही. ते मूळचं चीनचं. न्यूझीलंडच्या निर्यातदारांनी १९५९ साली त्याचं हे बारसं केलं. माणसं त्याआधी चाळीसेक वर्षं किवी झालेली होती, आणि तीही पहिल्या महायुद्धात.

किवी हा तिथला न उडणारा, रात्री हिंडणारा पक्षी. नाव माओरी, आपल्या टिटवीसारखं त्याच्या आवाजावरून पडलेलं. काही पलटणींच्या बिल्ल्यांवर तो आधीपासून होता. पण घरात कोणाला टोपणनाव लागत नाही, ते परक्यांत लागतं. त्या वेळी न्यूझीलंडची वस्ती जेमतेम अकरा लाख. त्यातली सुमारे एक लाख माणसं जहाजानं कित्येक आठवड्यांचा प्रवास करून लढायला गेली. अठरा हजारांच्या आसपास परतली नाहीत. सुट्टी मिळाली तरी घर गाठणं अशक्य, फार तर लंडन. ऑस्ट्रेलियनांबरोबरच्या संयुक्त फौजेमुळे त्यांना ‘अँझॅक’ हे नाव मिळालं होतं, पण ते सामाईक. मला वाटतं, थोरल्या शेजाऱ्यापासून वेगळं दिसण्याची हौस ‘किवी’च्या मुळाशी असावी.

गंमत म्हणजे त्या काळी सैनिकांच्या बुटांना लागणारं ‘किवी’ पॉलिश ऑस्ट्रेलियातलं! मेलबर्नच्या विल्यम रॅमझे यांनी १९०६ साली ते काढलं. पत्नी न्यूझीलंडची, म्हणून हे नाव. टोपणनाव पसरायला त्या डब्यांचाही हातभार लागला, असं म्हणतात.

नाव किती रुजलं होतं ते इंग्लंडमधल्या बुलफर्डच्या टेकडीवर दिसतं. युद्ध संपलं तरी परतीला जहाजं मिळेनात, तेव्हा मार्च १९१९ मध्ये जवळच्या स्लिंग छावणीत सैनिकांनी दंगल केली. रिकामे हात गुंतवायला अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून खडूच्या उतारावर शंभर मीटरहून मोठा किवी कोरून घेतला. तो अजून आहे.

आता अनेकवचन. मराठीत ‘हत्ती’सारखं चालवावं : एक किवी, अनेक किवी, किवींनी, किवींचा. ‘किवीज’ला इंग्रजी शेपूट कशाला? मात्र अनुस्वार सांभाळा. ‘किवीने सामना जिंकला’ म्हटलं तर बाकीचे दहा जण काय करत होते?