तिसरा रकाना

"मॅडम, हे सगळं एआयच करणार असेल, तर आम्ही कशासाठी धडपडायचं?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न गेल्या तीनेक वर्षांत किती जणांनी विचारला, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. कॉलेजची मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, भाषांतर करणारे, हिशेब तपासणारे, चित्रं काढणारे विचारतात. एक निवृत्त गृहस्थ तर नातवाच्या वतीने विचारायला आले होते. नातू अजून रांगत होता. कधी एआयच्या जागी जनुकं बदलण्याचं तंत्र येतं, कधी मेंदूत बसवायची चिप. मुळातला प्रश्न मात्र एकच असतो: पुढचं जग ओळखीचं राहणार नसेल, तर आज काही उभारायचं कशाला? प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देण्यापेक्षा एका गृहस्थांची हकिकत सांगते. त्यांना निखिल म्हणू या. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

निखिल आर्किटेक्ट, वय 36. वेळ ठरवली होती त्यांच्या पत्नीने. तिचं म्हणणं एवढंच होतं, "हा हल्ली सगळं पुढे ढकलतो." निखिल आले ते लॅपटॉप घेऊनच. बसायच्या आधी त्यांनी मला एक एक्सेल शीट दाखवली. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात भाकीत, शंभरावर ओळी. 2029 समोर लिहिलं होतं 'माणसाच्या तोडीची यंत्रबुद्धी', 2045 समोर 'सिंग्युलॅरिटी', म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातली सीमाच पुसली जाण्याचा क्षण. दोन्ही भाकितं अमेरिकन संशोधक-भविष्यवेत्ते रे कुर्झवाइल यांची. लाल रंगातल्या ओळी जास्त होत्या.

"मला एकच सांगा," ते म्हणाले, "यातलं किती खरं होणार?"

इथे माझी चूक झाली. मी धीर द्यायला लागले. यंत्रमाग आले तरी माणसं उरलीच, कॅल्क्युलेटर आले तरी गणित उरलंच, असं काहीबाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मी यूट्यूबवर ऐकलंय, मॅडम. त्यासाठी इथे आलो नाही."

त्यांचं बरोबर होतं. ज्याची झोप उडालेली आहे त्याला इतिहासाचा धडा नको असतो. शिवाय ती भीती पोकळही नव्हती. आठवडाभर लागणारे आराखड्यांचे पहिले कच्चे पर्याय आता त्यांच्या ऑफिसात एका दुपारी तयार होत होते. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मग मी दुसरं काम दिलं. पुढची भाकितं पुरेत, आता मागची गोळा करून आणा म्हटलं: कोण काय म्हणालं आणि प्रत्यक्षात काय झालं. असं काम त्यांच्या हातचंच. पुढच्या वेळी आले तेव्हा चेहऱ्यावर थोडी तकाकी होती. एआयच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या हर्बर्ट सायमन यांनी 1957 मध्ये सांगितलं होतं की दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. जगज्जेता कास्पारोव्ह संगणकाकडून हरला तो 1997 मध्ये, म्हणजे तीस वर्षं उशिरा. सायमन यांनीच 1965 मध्ये लिहिलं की माणूस करू शकतो ते कुठलंही काम यंत्र वीस वर्षांत करू लागेल. ते 1985 आलं आणि गेलं. एआय संशोधक जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते की एक्स-रे, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना शिकवणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. हिंटन म्हणजे पुढे 2024 मध्ये नोबेल मिळालेला माणूस, ऐरागैरा नव्हे. रेडिऑलॉजिस्ट आजही हवेच आहेत. त्यांच्या हाताशी यंत्र आलं, एवढंच.

"म्हणजे सगळी भाकितं फसतात," मी मुद्दाम म्हटलं.

"नाही ना!" त्यांनी पान उलटलं. गो या खेळात यंत्राला अव्वल खेळाडूला हरवायला अजून दहाएक वर्षं लागतील असं अनेक जाणकार म्हणत होते, तोवर मार्च 2016 मध्ये ली सेडोल चार-एक असा हरला. प्रथिनांचा आकार ओळखण्याचं कोडं पन्नास वर्षं अडून होतं. 2022 मध्ये अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजे आकार जगापुढे मांडले. जनुकं कापण्याची क्रिस्परची कात्री 2012 मध्ये कागदावर आली आणि 2023 च्या अखेरीस सिकलसेलवरच्या उपचाराला ब्रिटनमध्ये मान्यताही मिळाली. काही गोष्टी उशिरा, काही फार लवकर, काही भलत्याच वाटेने.

ते थांबले. "म्हणजे काहीच सांगता येत नाही."

"हो."

"मग हे तर आणखी वाईट आहे!"

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत असं वाक्य मी क्वचितच इतक्या स्वच्छ शब्दांत ऐकलं आहे.

"म्हणजे वाईटच होणार हे नक्की असतं, तर बरं वाटलं असतं?"

ते हसले. मग हसू ओसरलं. "निदान तयारी करता येते."

"कसली तयारी केलीत?"

उत्तर आलं नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांच्या घराण्यातली. दु:ख घटनेतून जेवढं येतं त्याहून जास्त आपल्या मनातल्या 'च'मधून येतं, असं मानणारी: असंच व्हायला हवं, मला कळायलाच हवं. निखिलसारख्या माणसांमधला हा 'च' ओळखायला मला वेळ लागला, कारण तो निराशेच्या वेषात येतो. आपण समजतो की निराश माणसाला आशा हवी असते. पण निराशा ही स्वतःच एक खात्री असते. सगळं संपणारच आहे म्हटलं की निवड करावी लागत नाही, चुकायची वेळ येत नाही. "काही बदलणार नाही हो" म्हणणारा निश्चिंत माणूस आणि "सगळं संपलं" म्हणणारा हताश माणूस, दोघेही एकाच सावलीला बसलेले असतात. उघड्यावर उभं राहायची दोघांचीही तयारी नसते.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्या शीटला एक रकाना जोडायला सांगितला: या भाकितामुळे मी काय थांबवलं? आणि त्यापुढे कंसात, कधीपासून? महिना, वर्ष. ते माझ्यासमोरच टाइप करू लागले. हाताने स्केच काढणं, 2018. स्वतःचं ऑफिस, 2019. जर्मन भाषेचा क्लास, 2023. बोटं भराभर चालत होती. मग लिहिलं, 'मूल', आणि थांबले. बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला. नंतर त्यांनी लिहिलं, मार्च 2021.

मी काहीच बोलले नाही. शीटच्या वरच्या भागात त्यांनीच नोंदवलेली ओळ दोघांनाही दिसत होती: चॅटजीपीटी, 30 नोव्हेंबर 2022.

"तारखा जुळत नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत."

"पाचव्या महिन्यात गेलं होतं बाळ." हे त्यांनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं. "तेव्हा आम्ही म्हटलं, थोडं थांबू. मग हे सगळं सुरू झालं. मी तिला म्हणायला लागलो, कुठल्या जगात आणायचं मूल? आणि तिला ते पटलंही."

त्या तासात आम्ही एआयचं नाव पुन्हा घेतलं नाही. पुढच्या भेटीला पत्नीही आल्या. चार वर्षं जे दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं, ते तिथे बोललं गेलं. त्याचा तपशील त्यांचा आहे, तो इथे लिहीत नाही. मूल हवं की नको हे अजून त्यांचं ठरलेलं नाही, पण आता प्रश्न 2045 चा उरलेला नाही.

भेट संपताना निखिलनी आणखी एक कबुली दिली. रात्री दोन वाजता ते हीच शीट चॅटबॉटला चिकटवायचे आणि विचारायचे, खरं सांग. तो न कंटाळता, फार समजुतीने उत्तर द्यायचा. मला थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू? पण ही गोष्ट नवीनही नाही. 1966 मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा एक साधा प्रोग्रॅम जगापुढे आणला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस. त्यांच्या सेक्रेटरीने चार वाक्यं टाइप केली आणि त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? ऐकून घेतलं जाण्याची माणसाची भूक एवढी मोठी आहे. आजचं यंत्र कितीतरी हुशार आहे, कदाचित तारखाही विचारेल. पण ते कर्सर लुकलुकणं मी पाहिलं आणि गप्प राहिले, याचा मला थोडा अभिमान आहे.

आता हे वाचून 'म्हणजे तंत्रज्ञानाची भीती हा निव्वळ बहाणा' असं कोणी समजू नये. भाषांतर करणाऱ्या ज्या बाई माझ्याकडे येतात त्यांच्या तारखा अगदी चोख जुळतात: काम कमी झालं ते 2023 नंतरच. त्यांना मनाचं खोदकाम नको. काय शिकायचं, किती महिने पुरेल एवढी शिल्लक आहे, कोणाशी बोलायचं, हे हवं. म्हणून पहिल्यांदा तारखा लावून बघा. जुळल्या तर व्यवहाराचा प्रश्न समजून हात घाला. नाही जुळल्या तर जुन्या तारखेपाशी जरा थांबा, तिथे काय झालं होतं ते विचारा.

पालकांना माझं वेगळं सांगणं आहे. 'कुठलं क्षेत्र सुरक्षित?' हे मुलांना विचारत बसू नका. त्याचं उत्तर हिंटनना नीट देता आलं नाही, तिथे सोळा वर्षांचं पोर काय देणार? मूल कशात तासन्‌तास रमतं आणि चुकल्यावर पुन्हा बसतं का, याकडे लक्ष द्या. आणि त्याच्यासमोर दिवसभर 'आता काही खरं नाही' म्हणू नका. आपल्याला तो नुसता उसासा वाटतो, मुलं त्यावर आयुष्याचा हिशेब मांडतात.

ज्यांना खरोखर माणसाच्या भवितव्याची काळजी आहे त्यांनी ती टाकून द्यावी असंही मी म्हणणार नाही. 1975 मध्ये अमेरिकेतल्या असिलोमारला शास्त्रज्ञ जमले आणि जनुकांच्या प्रयोगांना स्वतःच मर्यादा घालून घेतल्या. 2018 मध्ये चीनमधल्या एका संशोधकाने भ्रूणातली जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, तेव्हा जगभर गदारोळ झाला आणि तो तुरुंगात गेला. नियम मोडले जातात, केलेही जातात, आणि करणारी माणसंच असतात. काळजीला असं एखादं काम दिलं तर ती रात्री दोन वाजता उठवत नाही. मात्र झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर लेख वाचत बसू नका, थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

शेवटच्या भेटीत निखिल उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तुमचा रकाना भरलात का, मॅडम?"

मी हसून वेळ मारून नेली. नवीन समुपदेशकांसाठी एक प्रशिक्षणक्रम लिहायला घेतला होता. आता यंत्रच समुपदेशन करणार, कोण शिकणार हे, म्हणून मी तो सोडून दिला होता. सगळ्यांना तसंच सांगतही होते. त्या रात्री ती फाइल शोधून काढली. शेवटचा बदल: ऑगस्ट 2021.