अमेरिकेतल्या आमच्या गावात फूड बँकेसाठी निधी उभा करायचा आहे. कोणता कार्यक्रम करावा?

'एम्प्टी बोल्स' करा. १९९० मध्ये मिशिगनमधले कलाशिक्षक जॉन हार्टम यांनी विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करून घेतले, त्यात साधं सूप आणि सोबत पाव वाढला. पैसे देऊन जेवायला आलेल्यांनी रिकामा वाडगा घरी न्यायचा, एवढंच. तो वाडगा नंतर वर्षभर ओट्यावर दिसत राहतो, खरी गंमत तिथे आहे. (आमच्याकडचा जरा तिरका भाजला गेलाय, पण टाकवत नाही.)

खर्च आटोक्यात राहतो तो वाडगे आणि सूप दोन्ही दान म्हणून मिळाले तर. म्हणून आधी गावातले कुंभारकाम शिकवणारे स्टुडिओ आणि शाळा गाठा. माती वाळायला, दोनदा भाजायला वेळ लागतो, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. ग्लेझ (वाडग्यावरचा चकचकीत लेप) खाण्याच्या भांड्यांना चालणारं आहे ना, हे नक्की विचारा.

चालायची आवड असलेली मंडळी जास्त असतील तर 'क्रॉप हंगर वॉक' ही भूकनिवारणासाठी देणग्या गोळा करणारी पदयात्राही आहे. त्यातला २५ टक्क्यांपर्यंत निधी स्थानिक कामासाठी ठेवता येतो.

आणि डबाबंद अन्न गोळा करण्यापेक्षा रोख रक्कम द्या. फूड बँका घाऊक भावात घेतात, तेवढ्याच पैशांत धान्य जास्त येतं.